दोघांना एक

मोजणीच्या दालनात मतं आणि आम्ही यांच्यामध्ये जाड पारदर्शक प्लॅस्टिकची भिंत असते. पलीकडे टेबलं, टेबलांवर मतपत्रिका आणि त्या उलगडणारे सरकारी लोक. अलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पण माल्टातला माणूस नुसतं बघत नाही. तो भिंतीला कपाळ टेकवतो, श्वासाने भिंत धुरकट झाली की बाहीने पुसतो आणि पलीकडच्या माणसाने कागद सरळ धरला नाही तर त्याच्या आईवडिलांची चौकशी करतो.

त्या शनिवारी सकाळी माझ्या डाव्या हाताला साल्वु उभा होता. गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. आमच्याकडे पक्ष दोनच, लाल आणि निळा; तो लालांचा प्रतिनिधी होता. मी त्याच्याच मुलीचा, यलेनियाचा प्रतिनिधी होतो. यलेनिया लाल नव्हती आणि निळीही नव्हती, आणि आमच्या गावात अशी उमेदवार यापूर्वी कधी उभी राहिली नव्हती. बापलेकीचं बोलणं तिने उभं राहायचं सांगितल्यापासून बंद होतं.

"सर," साल्वु समोर बघतच म्हणाला. तो माझ्या हाताखाली पहिली ते चौथी शिकला. बावन्न वर्षांचा झाला तरी मला सरच म्हणतो. "तिला विचारा, सकाळपासून काही खाल्लंय का."

"ती तुझ्यामागे दहा पावलांवर उभी आहे. तूच विचार."

"आमचं बोलणं नाही."

मी वळून बघितलं. यलेनिया खुर्चीच्या पाठीवर हात रेलून उभी होती. तिने मान हलवून नाही म्हटलं. म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं.

"नाही म्हणते," मी म्हणालो.

"मग सांगा, खा म्हणावं."

आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत, इंग्रजी आकडे लिहितात. जो उमेदवार सगळ्यांत हवा त्याच्या नावापुढे एक, त्याच्यानंतरच्यापुढे दोन, असं जितकं लिहायचं तितकं. पहिला हरला किंवा त्याची गरज भागली की मत दुसऱ्याकडे जातं. आमच्या बोलीत त्याला 'वारसा' म्हणतात: अमक्याला तमक्याचा इतका वारसा मिळाला. कागदावर आधी एका रंगाच्या उमेदवारांचा रकाना असतो, मग दुसऱ्या रंगाचा, आणि सगळ्यांत खाली, कुणाचेच नसलेले. त्या वर्षी लाल तीन होते, निळे तीन होते, आणि सातवं नाव यलेनियाचं.

पंचायतीच्या जागा पाच. कधी लाल तीन आणि निळे दोन, कधी उलट. ज्याचे तीन, त्याचा मेयर. माझ्या आठवणीत यापलीकडे काही घडलेलं नाही.

मत हे आमच्याकडे घरासोबत येतं. निळे सत्तेवर आले तेव्हा साल्वुच्या वडिलांची गोदीतली नोकरी गेली. लाल आले तेव्हा परत मिळाली, आणि त्यांच्या भिंतीला भिंत असलेल्या घरातल्या माणसाची गेली. दोन्ही घरांतली मुलं माझ्या वर्गात एका बाकावर बसायची. ती एकमेकांना खोडरबर द्यायची नाहीत. सहा वर्षांची मुलं. त्यांना रंग कुणी शिकवला होता ते मला विचारायची गरज नव्हती.

यलेनिया उभी राहिली ती शाळेच्या मैदानासाठी. लालांनी निम्म्या मैदानावर गाड्या लावायला परवानगी दिली. पुढच्या निवडणुकीत निळ्यांनी त्यावर खूप आरडाओरडा केला, निवडून आले आणि उरलेलं निम्मं दिलं. यलेनिया गावातल्या म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रात काम करते. त्यांना गाडीतून आणते, त्यांचा रक्तदाब बघते, त्यांच्याशी पत्ते खेळते आणि मुद्दाम हरते. केंद्राची खिडकी मैदानाकडे उघडते. एक दिवस तिने बापाला सांगितलं की ती उभी राहतेय, आणि कुणाच्याच रकान्यात नाही.

साल्वु तेव्हा म्हणाला होता, "या घरात दुसरा रंग आला नाही."

"मी रंग आणतच नाहीये, पा," ती म्हणाली होती. तेवढंच त्यांचं शेवटचं बोलणं.

पहिली पेटी उघडली. कागद उलगडून, पाठीमागचे शिक्के तपासून, टेबलावरची बाई एकेक कागद आमच्याकडे तोंड करून धरत होती आणि ज्याच्यापुढे एक असेल त्याच्या खणात टाकत होती. लाल, निळा, लाल, लाल, निळा. यलेनियाचा खण रिकामा. मग एक कागद पडला. थोड्या वेळाने आणखी दोन. माझ्यामागे खुर्ची करकरली.

"सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची असतील," साल्वु पुटपुटला. पंचायतीला सोळाव्या वर्षी मत देता येतं. "ती पोरं काय, उद्या मत बदलतील."

"तुझं बदललं होतं का कधी?"

"नाही."

"मग त्यांचंच कसं बदलेल?"



तेवढ्यात टेबलावरच्या बाईचा हात थांबला. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, मग आमच्यासमोर धरला. लालांच्या पहिल्या नावापुढे एक. खाली, सातव्या नावापुढे, पुन्हा एक. दोन्ही एकांना वर टोपी होती, जुनी माणसं काढतात तशी. पेन्सिल इतकी दाबली होती की कागद उलट्या बाजूने फुगला होता.

"संशयित," बाई म्हणाली आणि कागद बाजूला ठेवला.

एकच कागद असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण पुढच्या पेटीत तसे पाच निघाले. तिसऱ्या पेटीत, जी केंद्राजवळच्या गल्ल्यांची होती, बाजूच्या कागदांचा ढीगच झाला. एक आणि एक. लालाला एक आणि यलेनियाला एक. तीन-चार ठिकाणी निळ्याला एक आणि यलेनियाला एक. सगळे एक थरथरते, सगळे टोपीवाले.

मला कळायला वेळ लागला. साल्वुला आधी कळलं. त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"काय केलंस?" मी हळूच विचारलं.

"मी काही नाही केलं."

"साल्वु."

तो भिंतीवरचा आपलाच श्वास पुसत राहिला. "पक्षाच्या क्लबातर्फे केंद्रात चहापाणी होतं. नमुन्याचा कागद घेऊन म्हाताऱ्यांना समजावलं. आपल्या रकान्यात एक, दोन, तीन लिहा. रकान्याबाहेर दोन, तीन, चार काहीही लिहिलंत की मत बाद. सगळेच सांगतात असं. निळ्यांनीही तेच सांगितलं असेल."

"ते खोटं आहे."

"मला काय माहीत? मला माझ्या बापाने सांगितलं होतं."

म्हणून त्यांनी दोन, तीन, चार लिहिलं नव्हतं. एक लिहिला होता. एक लिहू नका, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत आम्ही बाहेर आलो. फाटकाजवळच्या गाडीवर गरम पास्तित्सी, चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, मिळत होत्या. मी दोन घेतल्या आणि एक यलेनियाच्या हातात कोंबली. तिने ती खाल्ली नाही. वरचा पापुद्रा नखाने सोलत राहिली.

"किती आहेत ती?" तिने विचारलं.

"पुरेशी आहेत."

"म्हणजे ती मला मिळाली तर मी येते?"

"येतेस. लाल दोन, निळे दोन, आणि तू. दोघांनाही तुला विचारल्याशिवाय एक वीटही हलवता येणार नाही."

"आणि पा-च्या लोकांना मिळाली तर?"

"लाल तीन. त्यांचा मेयर."

"आणि बाद झाली तर?"

"निळे तीन."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "सर, वरचा तो एक... नीट बघितलं तर सातासारखा नाही दिसत? टोपी आहे त्याला. लालांना सात दिला असेल, म्हणजे सगळ्यांत शेवटचा. मग मत माझं."

"दिसतो."

"मग तसं म्हणा ना. तुम्ही प्रतिनिधी आहात. तुम्ही पहिलीला आकडे शिकवायचात. तुमचं ऐकतील."

"तुझ्यापुढचा एकही तसाच आहे. तोही सात दिसतो."

गाडीवाल्याने कढईत काहीतरी सोडलं आणि चरचर आवाज झाला.

"तुम्हाला मी यायला नकोय का?" तिने विचारलं.

"मला फार हवंय तू यायला. माझ्या आयुष्यात एकदा तरी सातव्या ओळीतलं नाव आत गेलेलं बघायचंय." मी हात पुसले. "पण त्यांनी काय लिहिलं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. रोज तू त्यांच्यासमोर पत्त्यांचे गुण लिहितेस. त्यांचा एक तू ओळखतेस."

"ओळखते," ती म्हणाली. मग, "तुम्ही फार वाईट आहात, सर." आणि पास्तित्सी एकदम तोंडात घातली.

आत आलो तर साल्वुच्या कानाला लागून फोन्झु उभा होता. फोन्झु लाल क्लबचा अध्यक्ष. त्याचा आवाज मुळातच हळू होत नाही, त्यामुळे तो जे कुजबुजत होता ते निम्म्या दालनाने ऐकलं.

"सात आहे म्हण. खालचा सात आहे. नुसतं दहा कागदांवर नको, सगळ्यांवर म्हण. एकाने हरकत घेतली की कागद वर जातात. वर गेले की बघू."

"फोन्झु, तो एक आहे."

"तुला कोण विचारतंय तो काय आहे? तू कुणाचा माणूस आहेस ते विचारतोय मी." फोन्झुने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा साल्वुकडे. "पोरीसाठी पाय मागे घेतोस होय? सगळं गाव म्हणतंय. मी म्हटलं, नाही, साल्वु तसला नाही. त्याचा बाप गोदीत उपाशी बसला तरी हलला नाही."

साल्वुच्या मुलाचं, यलेनियाच्या धाकट्या भावाचं, सरकारी गोदामातल्या बदलीचं काम फोन्झुच्याच हातात होतं. ते फोन्झुने बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरज नव्हती.

संशयित कागदांचा ढीग मधल्या टेबलावर आणला. मोजणी अधिकारी चष्म्याचा शांत माणूस होता. त्याने आम्हा तिघांना, म्हणजे साल्वु, निळ्यांचा माणूस आणि मला, भिंतीच्या फटीजवळ बोलावलं.

"दोन एक असतील तर मत बाद. कुणाला यातला आकडा वेगळा वाटत असेल तर आत्ता सांगायचं. एकदा शिक्का पडला की विषय संपला."

निळ्यांचा माणूस लगेच म्हणाला, "एक आणि एक. बाद." त्याचं काय जातंय.

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातात पहिला कागद होता, सकाळचाच, उलट्या बाजूने फुगलेला. मी यलेनियाकडे वळलो नाही. वळलो असतो तर काय बोललो असतो सांगता येत नाही.

"एक आणि एक," मी म्हणालो.

"लाल?"

साल्वुने कपाळ भिंतीला टेकवलं. कागद त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. तो आकड्यांकडे इतका वेळ बघत राहिला की अधिकाऱ्याने कागद खाली घेतला आणि पुन्हा वर धरला. मी त्याचा चेहरा बघत होतो. ते अक्षर कुणाचं ते त्याला कळलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची आई खिळ्यांच्या खोक्यांवर पेन्सिलीने आकडे लिहायची, तेव्हापासून तो ते अक्षर बघत आला होता.

"साल्वु," मागून फोन्झु म्हणाला. "सात."

"सर," साल्वु मला म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही. "रकान्याबाहेर चार लिहिलं असतं, तर मत बाद झालं नसतं?"

"नाही. लाल हरले असते किंवा त्यांची गरज भागून मतं उरली असती, तर वारसा तिला गेला असता."

"दोघांनाही मिळालं असतं."

"हो. आधी तुम्हाला, मग तिला."

"लाल?" अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

"एक आहे," साल्वु म्हणाला. "दोन्ही एकच आहेत. सगळ्यांवर."

शिक्क्याचा आवाज फार मोठा नव्हता. ढीग संपेपर्यंत तो चालू होता. फोन्झु पुढे आला, साल्वुच्या छातीवरचा लाल पट्ट्याचा बिल्ला त्याने सावकाश काढून घेतला, आणि बाहेर गेला. यलेनिया दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा म्हणाली, "त्याने का नाही म्हटलं सात?"

"तूच विचार."

"आमचं बोलणं नाही," ती म्हणाली.

निळे तीन. बाहेर निळ्यांच्या गाड्या भोंगे वाजवत निघाल्या, तरुण पोरं खिडक्यांतून कमरेपर्यंत बाहेर. माझी गाडी नव्हती. साल्वुने त्याच्या गाडीचं मागचं दार मला उघडून दिलं. यलेनिया क्षणभर थांबली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. चौकात निळ्यांनी फटाक्यांची माळ लावली तेव्हा साल्वुने खिडकी वर केली.

आम्ही चेट्टाकडे गेलो. चेट्टा म्हणजे साल्वुची आई, यलेनियाची नन्ना. शनिवारचं जेवण तिच्याकडेच असतं, निवडणूक असो वा नसो. टेबलावर मोठा पाव, टोमॅटो, तेल, जैतुनाची फळं आणि झाकून ठेवलेला मॅकरोनीचा पोळा होता. ती खुर्चीत बसून आमच्या तोंडाकडे बघत होती.

"हरलात," ती म्हणाली. "दोघंही. भोंगे ऐकले मी."

"हरलो, मा," साल्वु म्हणाला.

"माझं मत पोचलं का पण? मी नीट लिहिलं होतं. खूप दाबून, पुसलं जाऊ नये म्हणून."

यलेनियाने पाव हातात घेतला आणि सुरी शोधू लागली. सुरी तिच्यासमोरच होती.

"दोघांनाही एक दिला," चेट्टा समाधानाने म्हणाली. "एक तुझ्या बापाच्या पार्टीला, साल्वु. तो वरून बघतोय. आणि एक पोरीला. तू म्हणालास बाहेर दोन-तीन-चार नाही चालत. म्हणून मी एक दिला. केंद्रात आम्ही सगळ्यांनी तसंच ठरवलं होतं. पावलुसुद्धा. पावलु निळा आहे तरी."

"सगळ्यांनी ठरवलं?" यलेनियाने विचारलं.

"मग काय. तुझ्यापुढे मैदानाचं बोलायचं आणि मागे तुला सात द्यायचा? आम्ही काय क्लबवाले आहोत?"

साल्वु खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "मा, दोन एक लिहिले की मत बाद होतं. कुणालाच मिळत नाही."

चेट्टाने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मास्तर, हा खरं बोलतोय?"

"खरं आहे, चेट्टाबाई."

"आणि चार लिहिलं असतं तर?"

"चार चाललं असतं."

तिने टेबलावरचा हात हळूहळू मांडीवर घेतला. मला वाटलं ती रडेल. ती साल्वुला म्हणाली, "मी तुला इतकी वर्षं विचारतेय, कशाला कुठे लिहायचं. तू सांगतोस तसं लिहितेय. तुझ्याआधी तुझ्या बापाने सांगितलं तसं. आणि तुम्हालाच माहीत नाही."

"माहीत नव्हतं, मा."

"ते पोरीला सांग. मला काय सांगतोस."

साल्वुने मान वर केली. यलेनिया त्याच्याकडेच बघत होती.

"मला माहीत नव्हतं," तो तिला म्हणाला. "चारचं. खरंच माहीत नव्हतं. आणि तुला हरवायचं म्हणून ते सांगितलं, हेही खरं आहे."

"मग आज सात का नाही म्हणालास?"

"तुझी नन्ना सात असा काढत नाही," तो म्हणाला. "ती साताच्या पोटात रेघ मारते."

यलेनियाच्या तोंडून हसू निघालं आणि मध्येच त्याचं दुसरंच काहीतरी झालं. तिने पाव कापला आणि पहिला तुकडा बापाच्या ताटात ठेवला. त्याने तो खाल्ला नाही, हातात धरून बसला.

"पुढची निवडणूक कधी?" चेट्टाने विचारलं.

"वेळ आहे, नन्ना. काही वर्षं."

"तोवर मी असेन की नाही कुणास ठाऊक. पण मला नीट शिकायचंय. मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता तसं शिकवा. ते नमुन्याचे कागद आणू नका, त्यांच्यावर यांचीच नावं असतात."

पावाची तपकिरी पिशवी मी फाडून सपाट केली. साल्वुने खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या आधी तोच लिहू लागला. लालांची तीन नावं, ती त्याला पाठ होती. मग एक ओळ सोडून निळ्यांची तीन, ती त्याने जरा थांबून आठवली. मग सगळ्यांत खाली त्याने आपल्या मुलीचं नाव लिहिलं, आडनावासकट, दुकानाच्या पाटीवर आहे तसंच. पेन्सिल आईच्या हातात दिली.

"आता बघा," मी म्हणालो. "प्रत्येक आकडा एकदाच. पण कुठल्याही ओळीत लिहायचा. आधी सांगा, एक कुणाला?"

चेट्टाने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग डावा हात वाकवून कागदाभोवती भिंत केली, परीक्षेतली मुलं करतात तशी, आणि मान खाली घातली.

"ते तुम्हाला का सांगू?" ती म्हणाली. "तिकडे बघा सगळेजण."